पैठण, लातूर, तेर आणि दाजींचा समुद्र

गुरुवार, पैठण

दिवाळीला आठवडा बाकी, घरात भाजणीचा वास आणि ताईचं एकच म्हणणं, यांना घेऊन कुठंतरी फिरून ये रे, इथं बसले की दर अर्ध्या तासाला चकली चाखायला येतात. असं आमचं फिरणं ठरलं. दाजी रत्नागिरीचे, मत्स्य विषयात शिकलेले, अख्खी नोकरी जाळी, बोटी आणि मासळीच्या आकड्यात गेलेली, आता रिटायर. मराठवाडा म्हणजे त्यांच्या हिशोबानं वेरूळ, अजिंठा आणि बाकी सगळा फुफाटा. मी म्हटलं दाजी यावेळी लेण्या नाहीत, यावेळी धरणं दाखवतो.

संभाजीनगरहून निघून पैठणला पोचेस्तोवर अकरा वाजले. नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, यंदा काठोकाठ, काही दरवाजे थोडे उचललेले, लोक गाड्या बाजूला लावून सेल्फी काढायलेत, कणसं भाजायलेत, एकूण जत्राच. जायकवाडीला 27 दरवाजे आहेत, पायाभरणी 1965 ला लालबहादूर शास्त्रींनी केली, 1976 ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं, वगैरे मी आपलं सांगत होतो आणि दाजींचं लक्ष सगळं खाली फेसाळणाऱ्या पाण्याकडं.

"मेव्हणे, हे पाणी जातं कुठं?"

"नांदेड, मग तेलंगणा, मग राजमहेंद्री, मग समुद्रात. कुठं जाणार अजून."

"हां. आणि समुद्रात गेल्यावर?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. आमच्याकडं पाणी सोडलं की चर्चा असते ती नाशिक-नगरवाल्यांनी वरून किती सोडलं आणि खाली कुणाची पिकं बुडाली याची. समुद्र हा विषयच येत नाही हो, समुद्र बघायला आम्ही शाळेच्या सहलीत जातो.

दाजी तिथंच कठड्याला टेकून सुरू झाले. गोदावरी, कृष्णा, महानदी आणि वर गंगा-ब्रह्मपुत्रा, पावसाळ्यात या सगळ्या बंगालच्या उपसागरात इतकं गोडं पाणी ओततात की खाऱ्या पाण्यावर त्याचा हलका थर तरंगत राहतो. ऑक्टोबर ते डिसेंबर पूर्व किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडं वाहतो, तो हे कमी खारट पाणी आंध्र, तमिळनाडू करत श्रीलंकेला वळसा घालून अरबी समुद्रात आणून सोडतो. तिकडं हिवाळ्यात पश्चिम किनाऱ्याचा प्रवाह उत्तरेकडं, तो ते केरळ, लक्षद्वीपच्या बाजूला पसरवतो. पातळ हलका थर, खालच्या गार पाण्यात लवकर मिसळत नाही, मग उन्हानं भराभर तापतो आणि एप्रिल-मे मधे तिथं पाणी 30 अंशाच्या वर जातं. मान्सून केरळात येतो तो या गरम पाण्यावरून. गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेतल्या लोकांनी हे सगळं मोजमाप करून मांडलंय म्हणे.

म्हणजे पैठणला आज सोडलेल्या पाण्यातलं, मधल्या धरणांतून जे काही निसटेल ते, श्रीलंका फिरून पुढच्या जूनच्या तयारीला लागणार. मी दोनदा विचारलं, खरंच का. दाजी म्हणाले अहो तुमचा वाटा चिमूटभर, पण आहे.

पाण्याच्या कडेला चतुरांची झुंबड उडालेली. आम्ही लहानपणी त्यांना हेलिकॉप्टर म्हणायचो आणि शेपटीला दोरा बांधून त्यांचे हाल करायचो. पिवळट तांबूस रंगाचे, बोटभर लांबीचे, न बसता नुसते उडत राहणारे. दाजींनी एक निरखून पाहिला आणि म्हणाले हा बहुतेक आफ्रिकेला निघालाय. मला वाटलं चेष्टा करायलेत. तर तसं नाही. चार्ल्स अँडरसन नावाचा जीवशास्त्रज्ञ मालदीवमधे राहायचा, त्याला प्रश्न पडला की या बेटांवर गोड्या पाण्याची डबकी जवळपास नाहीतच तर दर ऑक्टोबरात हे लाखो चतुर येतात कुठून. 2009 मधे त्यानं मांडलं की ते भारतातून परतीच्या पावसाच्या वाऱ्यासोबत निघतात आणि मालदीव, सेशेल्स करत पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात. जिथं पाऊस पडून नवी डबकी साचतात तिथं अंडी घालायची, की पुढं. अमूर ससाणा पण साधारण त्याच दिवसांत अरबी समुद्र ओलांडतो आणि वाटेत बहुतेक हेच चतुर खातो.

दुपारी धरणाजवळच तळलेला रोहू खाल्ला. दाजींनी दोन घास खाल्ले, चिखलाचा वास येतो म्हणाले, तरी प्लेट पुसून संपवली. मग तळणाऱ्या मामांना विचारलं, तुमच्याकडं अहीर येतो का, सापासारखा लांब असतो तो? मामा म्हणाले, "वाम येती. तुमी म्हंताव तसला आमच्या आज्ज्याच्या तोंडून ऐकलाय, धरनाच्या आदी घावायचा म्हनं."

अहीर म्हणजे खरा ईल, वाढतो नदीत पण अंडी घालायला खोल समुद्रात जातो. पिल्लं काचेसारखी पारदर्शक पानाच्या आकाराची असतात, ती प्रवाहावर तरंगत किनाऱ्याला लागतात आणि मग नदीत वर चढतात. युरोपातल्या ईलचं तर अजूनच मोठं प्रकरण, तिथल्या नद्यांतले ईल अटलांटिक पार करून सारगासो समुद्रात जातात आणि पिल्लं गल्फ स्ट्रीमवर स्वार होऊन दोन-तीन वर्षांनी परत युरोपला. त्याच प्रवाहाच्या गरम पाण्यानं आणि पश्चिमी वाऱ्यांनी लंडनची थंडी सुसह्य होते, नाहीतर त्याच अक्षांशावर पलीकडं लॅब्राडॉरचा किनारा हिवाळ्यात गोठतो. आमच्या गोदेत मात्र आता ईलनी चढायचं तर मधे धरणंच धरणं.

एकनाथांच्या वाड्यात दर्शन, पैठणीच्या दुकानात एक चक्कर (भाव ऐकून बाहेर), आणि गेवराईवरून बीड. रात्री बीडला मुक्काम, त्यात सांगण्यासारखं काही नाही, डास होते.

शुक्रवार, अंबाजोगाई

सकाळी बीडहून निघालो. मांजरसुंब्यानंतर रस्ता बालाघाटातून जातो, दोन्ही बाजूला सोयाबीनच्या गंजी, मधे मधे मळणी यंत्राचा धुरळा. अंबाजोगाईला योगेश्वरीचं दर्शन घेऊन मावशीकडं जेवायला. मावशी सत्तरीच्या पुढची, पण जावई आलाय म्हटल्यावर चुलीवर येसराची आमटी, बाजरीची भाकर, शेंगाची चटणी, सगळा थाट.

आमटी वाढताना मावशीनं पळी तळापर्यंत घालून ढवळली आणि दाजी म्हणाले हे बघा, हेच. समुद्रात पण हेच होतं. मसाला तळाशी बसतो, वर नुसतं पाणी, ढवळल्याशिवाय चव नाही. समुद्रातले मेलेले जीव, विष्ठा, सगळं खाली जाऊन कुजतं, त्यामुळं नायट्रेट, फॉस्फेट खोल गार पाण्यात साठलेलं आणि उजेड मात्र फक्त वर. जिथं वाऱ्यामुळं वरचं पाणी किनाऱ्यापासून बाजूला ढकललं जातं तिथं खालचं पाणी वर येतं, खताला ऊन मिळतं, सूक्ष्म वनस्पती फोफावतात, त्यांच्यावर बारके जीव, त्यांच्यावर मासे. आपल्याकडं केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्याला पावसाळ्यात असं होतं, तारली आणि बांगडा त्यावर पोसतो. सोमालियाच्या किनाऱ्याला त्याहून जोरात. तिथला प्रवाह तर अजब, वर्षातून दोनदा तोंड फिरवतो, मान्सूनचा वारा नैऋत्येकडून सुटला की उत्तरेकडं आणि हिवाळ्यात दक्षिणेकडं, आणि भर जुलै-ऑगस्टात तिथलं पाणी 20 अंशाच्याही खाली गेलेलं सापडतं, जेव्हा रत्नागिरीला ते 28 च्या आसपास असतं.

मावशी म्हणाली जावईबापू, गार होऊ लागलंय, आदी जेवा.

जेवणानंतर ओट्यावर सुपारी कातरताना विषय 72 च्या दुष्काळावर गेला. आमच्याकडं तो जातोच. मावशीचं लग्न होऊन वर्ष झालेलं. "पाजर तलावावर माती टाकायला जायचो आमी दोगं. सांजच्याला मुकादम हजेरी घ्यायचा. मिलोच्या भाकरी लाल लाल, लेकरायच्या घशाखाली उतरत नव्हत्या. सुकडी मातर गोड लागायची, ती आमी लपवून आनायचो." असं म्हणून तिनं उजवा पंजा दाखवला, टोपल्याच्या काठानं अंगठ्याखाली पडलेलं घट्ट कातडं अजून तसंच आहे, नखानं दाबलं तरी तिला कळत नाही.

दाजी बराच वेळ गप्प होते. मग मला म्हणाले, मी कॉलेजात पहिल्यांदा जो मोठा धडा शिकलो तो 72 चाच, फक्त पेरू देशातला. दक्षिण अमेरिकेच्या त्या किनाऱ्याला हम्बोल्ट प्रवाहाचं गार पाणी, खालून खत वर येतं, त्यावर अँकोव्हेटा नावाचा बोटाएवढा मासा. 1970 ला एकट्या या माशाची पकड 1 कोटी 20 लाख टनांच्या वर, जगात दुसऱ्या कुठल्या माशाची एवढी नव्हती. आणि त्या माशावर जगणारे लाखो समुद्रपक्षी, ज्यांची विष्ठा ग्वानो म्हणून खताला विकली जायची. 1972 ला एल निनो आला. प्रशांत महासागरात एरवी वारे गरम पाणी पश्चिमेला इंडोनेशियाकडं रेटून ठेवतात, ते वारे ढिले पडले, गरम पाणी उलटं पूर्वेला पसरलं, पेरूच्या किनाऱ्यावर त्याची जाड गादी बसली आणि खालचं खतावलेलं पाणी वर येईना. त्यात आधीच बेसुमार मासेमारी झालेली. 1973 ला पकड 20 लाख टनांच्या आसपास. पक्षी उपाशी मेले, बोटी किनाऱ्याला लागल्या.

आणि गरम पाणी सरकलं तसं त्यावरचे ढगही सरकले. एरवी इंडोनेशियाच्या बाजूला हवा वर चढते, पाऊस तिकडं, आपल्याकडं मान्सून जोमात. एल निनोत वर चढणारी हवा प्रशांताच्या मध्याकडं जाते आणि आपल्या बाजूला ती खाली दाबली जाते, ढग जमले तरी उंच वाढत नाहीत. मावशीच्या पाझर तलावाचं आणि तिकडच्या उपाशी कोळ्याचं साल एकच. दाजी म्हणाले आपल्याकडं 72 ला अजूनही कारणं होती, मागचं वर्ष पण कोरडंच गेलेलं, पण पाणी तेच.

मावशीला मी हे समजावून सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "तिकडल्या लोकायला सुकडी मिळाली का?"

शनिवार, धनेगाव आणि लातूर

मांजरा धरण बघायला वाट वाकडी करून धनेगावला गेलो. पैठणच्या मानानं धरण लहान, पण लातूरची तहान याच्यावर. भरलेलं होतं, काठावर बगळे आणि दोन पोरं गळ टाकून बसलेली. मी दाजींना सांगितलं की 2016 च्या उन्हाळ्यात याच जागी भेगाळलेला तळ होता आणि आम्ही त्यात उभं राहून फोटो काढलेत. 2014 ला पाऊस कमी, 2015 ला मोठा एल निनो, दोन सालं लागोपाठ गेली. मार्चमधे लातुरात टाक्या आणि टँकर भरायच्या जागांभोवती जमावबंदी लावलेली. माझ्या मित्राच्या कॉलनीत पाणी आठ-दहा दिवसांनी यायचं, लोक रात्री दोनला घागरी लावून नंबर धरायचे. 12 एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, 10 वाघिणी, 5 लाख लिटर. नंतर 50 वाघिणींची यायला लागली. कृष्णेचं पाणी रेल्वेनं मांजरेच्या खोऱ्यात! आणि त्याच वर्षी परतीच्या पावसानं धरण भरलं.

दाजींचा प्रश्न बरोबर होता, की एल निनो म्हणजे दुष्काळ असं पक्कं आहे का. नाही ना. 1997 चा एल निनो शतकातल्या मोठ्यांपैकी, सगळे घाबरलेले, आणि देशाचा पाऊस सरासरीएवढा झाला. त्याचं एक कारण आपल्याच समुद्रात होतं. हिंदी महासागराचंही असंच एक झुलणं असतं, कधी आफ्रिकेकडची बाजू गरम आणि सुमात्राकडची गार, कधी उलट. 1999 ला साजी, यामागाता वगैरे शास्त्रज्ञांनी त्याला डायपोल म्हणून मांडलं. पश्चिम बाजू गरम असली की मान्सूनला मदत. पण जास्त झालं तर तेही नको, 2019 ला हाच डायपोल कित्येक वर्षांत नव्हता इतका चढला, पाऊस जायचं नाव घेईना, आणि ऐन दिवाळीत काढलेलं सोयाबीन रानात भिजून त्याला कोंब फुटले. ते मी डोळ्यानं बघितलंय, गंज उचकटली की आतून वाफ यायची आणि आंबट वास.

त्यात आम्ही सह्याद्रीच्या आडोशाला. अरबी समुद्रावरून आलेलं बाष्प घाटावर रिकामं होतं, महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर आणि आमच्या वाट्याला सातशे-आठशे. आमचा खरा भरवसा बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यावर. त्या गोड्या पाण्याच्या थरामुळं तो समुद्र पावसाळाभर 28 अंशाच्या वर तापलेला राहतो, तिथं पट्टे तयार होतात आणि ओडिशा, छत्तीसगड, विदर्भ करत आमच्यापर्यंत पोचले तर पोचले. टीव्हीवर कुणी "अरबी समुद्रात हालचाल" म्हटलं की कोकण खुश होतं, आम्ही उपसागराकडं डोळे लावून बसतो.

लातूरला पोचलो तेव्हा बाजार समितीत सौदे चालू होते. ट्रॅक्टर, टेम्पो, पोत्यांची थप्पी, हमालांच्या आरोळ्या, आणि सोयाबीनचा तो घशाला लागणारा धुरळा. आडतीवर चुलतभाऊ बसतो, त्यानं चहा मागवला. एका शेतकऱ्याच्या मालात मशीन घातलं, मॉइश्चर 16 दाखवलं, भाव तिथंच पडला. चार-साडेचार हजाराच्या आसपास चाललेलं सगळं. 2021 च्या ऑगस्टमधे इथंच दहा हजाराच्या वर गेलेलं, ती आठवण इथं प्रत्येकाला आहे.

दाजींनी विचारलं, भाव ठरतो कशावर. चुलतभाऊ म्हणाला, "डीओसीवर. तेल काढल्यावर जी पेंड राहती तिला बाहेर उठाव असला तर भाव, नसला तर नाही. ती जाती कोंबड्यायच्या खाद्यात."

दाजी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले मेव्हणे, परत पेरूच. 72 च्या आधी जगभरच्या कोंबड्यांना आणि डुकरांना फिशमील, म्हणजे माशांची पूड, घालायचे आणि त्यातला मोठा हिस्सा त्याच अँकोव्हेटाचा. मासा संपला, खाद्यवाल्यांनी सोयाबीनच्या पेंडीकडं मोर्चा वळवला, 1973 ला सोयाबीनचे भाव इतके भडकले की जूनमधे अमेरिकेनं निर्यातच बंद केली. जपानची पंचाईत झाली, त्यांनी ब्राझीलमधे सोयाबीन वाढवायला पैसा लावला. आज तुमच्या भावाला जे ब्राझील आडवं येतं त्याची सुरुवात बघायला गेलं तर तिथंही आहे. आणि अजून सांगतो, ला निना, म्हणजे एल निनोच्या उलटं, आली की अर्जेंटिनात दुष्काळ पडतो, 2022-23 ला त्यांचं सोयाबीन जवळपास निम्म्यावर आलेलं.

चुलतभावानं एवढं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग औंदा अर्जेंटिनात कसंय?" त्याला बाकी इतिहासात रस नव्हता, आणि त्याच्या जागी मला पण नसता.

संध्याकाळी गंजगोलाईत भज्जी खाल्ली, दाजींनी ताईसाठी साडी घेतली. पैठणी सोडून लातूरला साडी, यावर घरी काय झालं ते लिहित नाही.

रविवार, तेर आणि परत

तेरला बहुतेक लोक गोरोबाकाकांच्या दर्शनाला जातात, आम्ही पण गेलो, तेरणेच्या काठचं मंदिर, गर्दी नव्हती. पण मला दाजींना दाखवायचं होतं ते गावातलं सरकारी संग्रहालय. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गावातून, रानातून गोळा केलेल्या वस्तूंवर उभं राहिलेलं. मातीच्या मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या, आणि ती हस्तिदंती बाई, वीतभरसुद्धा नाही, पण दागिने इतके बारीक कोरलेत की काचेला नाक लावून बघावं लागतं. इटलीत पाँपेईच्या राखेत 1938 ला अशीच एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, आणि तिच्या जातकुळीतल्या मूर्ती आपल्याकडं तेरला आणि जालन्याच्या भोकरदनला मिळाल्या.

तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकात कुणा ग्रीक खलाशानं लिहून ठेवलंय की गुजरातेतल्या भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, फार मोठं शहर. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तगरहून कापड, मलमल, असं सगळं गाड्यांत भरून रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जायचं. तिथून जहाजं. दाजी इथं एकदम फॉर्मात आले, कारण हा पुन्हा त्यांचा विषय. तांबड्या समुद्रातून जहाजं जुलैत सुटायची, नैऋत्य वारा पाठीशी घेऊन, आणि परतीला डिसेंबर-जानेवारीचा ईशान्य वारा. वारा फिरला की सोमालियाचा प्रवाह पण फिरतो, जाताना येताना पाणी सोबतीला. एकट्या मायोस होर्मोस बंदरातून वर्षाला 120 जहाजं भारताकडं निघायची असं स्ट्रॅबो नावाच्या ग्रीक भूगोलकारानं लिहिलंय. त्यातल्या एखाद्याच्या पोटात तेरचं कापड असणार.

मी म्हटलं दाजी, आमच्याकडं समुद्र नाही असं तुम्हीच दर वेळी म्हणता. ते म्हणाले, "मी खाण्याबद्दल बोलतो." आणि काउंटरवर जाऊन संग्रहालयाच्या शिपायाशी तेरणेतल्या माशांची चौकशी करायला लागले.

त्रिविक्रमाचं मंदिर बघितलं, विटांचं, मागून अर्धगोल, मूळचा बौद्ध चैत्य असावा असं जाणकार सांगतात. तिथं जास्त थांबलो नाही, ऊन लागत होतं. येडशीवरून हायवेला लागलो आणि कुंथलगिरीच्या पेढ्यासाठी थांबलो. शेजारच्या बाकड्यावर एक शेतकरी काका, गाडीत हरभऱ्याच्या बियाण्याच्या थैल्या. दाजी चार दिशांच्या समुद्रांबद्दल बोलतायत हे ऐकून त्यांनी थेट विचारलं, "साहेब, मंग फुडल्या साली पाऊस कसाय?"

दाजी म्हणाले आत्ता कुणी सांगू शकत नाही काका. मार्च-एप्रिलमधे प्रशांत महासागर अशा अवस्थेत असतो की त्याच्या आधी केलेला अंदाज फार टिकत नाही, एल निनो होणार की विरणार ते मे-जूनमधेच जरा स्पष्ट दिसतं. हवामान खातं एप्रिलच्या मध्यात पहिला अंदाज देतं आणि मेच्या शेवटी सुधारून देतं, तो दुसरा बघत जा.

"मेच्या शेवटाला आमी बियानं घेऊन बसलेलो असताव," काका म्हणाले. मग थैल्यांकडं हात करून, "ह्याचं मातर टेन्शन नाही, खाली वल लई हाय औंदा." दाजींनी विचारलं किती खोल ओल आहे, काकांनी कोपरापर्यंत हात दाखवला, आणि पुढची वीस मिनिटं दोघं जवस घ्यावी की करडई यावर बोलत बसले. पेढे अर्धा किलो घेतले होते, घरी पोचेपर्यंत पाव राहिले.